पंचायतीला उभे राहणाऱ्यांनो, पाणी कुठून जाणार ते सांगा

पंचायत निवडणुकीला उभे राहू पाहणाऱ्या सर्व उमेदवारांस,

सप्रेम नमस्कार.

१० ऑगस्ट २०२२ रोजी, भर पावसाळ्यात, गोव्यातल्या १८६ पंचायतींसाठी मतदान झाले. त्या पंचांची पाच वर्षे २०२७ मध्ये भरतात. चाहूल मात्र आत्तापासूनच लागली आहे. आमच्या वाड्याकडे ज्यांची पावले कधी वळली नव्हती ती माणसे गेल्या चवथीला आरतीला येऊन उभी राहिली. एकाने तर घुमट हातात घेतले. वाजवता येत नव्हते, ही गोष्ट वेगळी.

त्यांच्यातल्याच एका तरुणाने मला मोबाइलवर आपल्या पत्रकाचा कच्चा मसुदा दाखवला. मुलगा चांगला आहे, शिकलेला आहे. पत्रकात रस्ते होते, पथदीप होते, व्यायामशाळा होती आणि अगदी शेवटच्या ओळीत ‘हवामान बदलाशी मुकाबला : गावात एक हजार झाडे’ असे होते. मी विचारले, झाडे लावणार कुठे? म्हणाला, जागा बघू. मग मी विचारले, आपल्या मानशीचे दार शेवटचे कधी बदलले? मानशी म्हणजे बांधातले, नदीचे पाणी अडवणारे-सोडणारे फाटक. तो हसला. त्याला वाटले, म्हातारा फिरकी घेतोय.

फिरकी नव्हती, म्हणून हे पत्र लिहायला बसलो. एकट्या त्याला नाही, तुम्हा सगळ्यांना.

मी फोंडा तालुक्यातल्या, झुआरीच्या काठच्या एका गावचा. २००२ ते २००७ या काळात आमच्या पंचायतीतल्या सात पंचांपैकी एक मी होतो. त्यामुळे पंचाच्या खुर्चीतून गाव कसे दिसते ते मला ठाऊक आहे आणि तिथून काय दिसत नाही तेही. आधी माझेच सांगतो, म्हणजे पुढचे बोलायला तोंड राहील.

२००४ साली एका गृहस्थाने व्हाळाच्या (ओढ्याच्या) काठावर घर बांधायला परवाना मागितला. कागद सगळे बरोबर होते, बाकीच्या खात्यांचे दाखले जोडलेले होते. बैठकीत कोणी काही बोलले नाही. मीही नाही. हात वर केला आणि चहा प्यालो. घर बांधताना त्याने अंगणाला जागा व्हावी म्हणून व्हाळावर भराव घातला आणि पाण्यासाठी खालून सिमेंटचा नळ टाकला. उन्हाळ्यात बघितले तर नळ पुरेसा वाटायचा. व्हाळ उन्हाळ्यात असतोच केवढा! पण तो व्हाळ डोंगरावरचे सगळे पाणी खाजनात, म्हणजे नदीकाठच्या सखल शेतजमिनीत, आणून सोडणारा. आता जुलैत दोन-तीन दिवस एकसारखा कोसळला की नळाच्या तोंडाशी पाणी तुंबते, वळसा घेते आणि खालच्या वाड्यावरच्या स्वयंपाकघरांत शिरते. त्या वाड्यावर माझ्या बहिणीचे घर आहे. तिने मला कधी बोल लावला नाही. दरवर्षी पावसाआधी ती तांदळाचा डबा आणि गॅसचा सिलिंडर कट्ट्यावर चढवून ठेवते, एवढेच.

म्हणून सांगतो, पंचायतीचे हवामान धोरण पत्रकाच्या शेवटच्या ओळीत नसते. ते बैठकीत वर गेलेल्या हातात असते.

आता मानशीबद्दल. तुमच्यातल्या काहींना ही कथा आजीकडून ऐकून पाठ असेल, पण बरेचजण आता घरे विकत घेऊन राहायला आलेल्यांच्या प्रभागांतून उभे राहणार आहेत, त्यांच्यासाठी सांगतो. गोव्यात नद्यांच्या मुखांकडच्या सखल पट्ट्यात सुमारे १७-१८ हजार हेक्टर खाजन जमीन आहे. ही जमीन भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहे. नदीचे खारे पाणी आत येऊ नये म्हणून पूर्वजांनी चिखल, पेंढा आणि चिरे वापरून बांध घातले आणि बांधात जागोजागी मानशी बसवल्या. मानशीचे दार लाकडी. भरती आली की नदीचे पाणी बाहेरून ढकलते, दार मिटते. ओहोटी लागली की आतले पाणी ढकलते, दार उघडते. वीज नाही, मोटर नाही. चंद्र आणि समुद्र मिळून ते दार उघडझाप करतात. आत पावसाळ्यात सरद शेती, कोरगुटासारखे खारेपण सोसणारे भात, आणि मानशीच्या तोंडाशी सुंगटे (कोळंबी).

यातली खरी मेख मला पंच असतानाही नीट कळली नव्हती, ती नंतर एका वृद्ध शेतकऱ्याने बांधावर उभे राहून समजावली. उधाणाच्या भरतीला दार मिटलेले असते. त्याच वेळी डोंगराकडे धुवांधार पाऊस पडत असेल तर ते पाणी नदीत जाऊ शकत नाही. ओहोटी लागेपर्यंत, म्हणजे काही तास, ते कुठेतरी थांबलेच पाहिजे. ते थांबते खाजनात. खाजन म्हणजे नुसते शेत नव्हे, गावाची परात आहे ती. परातीत माती ओतली तर पाणी कुठे सांडेल, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही.

आणि हवामान बदल आमच्या गावात नेमका याच जागी येऊन बसला आहे. समुद्राची पातळी चढते आहे, म्हणजे दार मिटून राहण्याचा वेळ वाढणार. पाऊस पूर्वीसारखा महिनाभर संततधार न पडता दोन दिवसांत सगळे ओतून मोकळा होतो, म्हणजे दार मिटलेले असताना येणारे पाणी वाढणार. दोन्ही बाजूंनी दाब आणि मध्ये परात लहान होत चाललेली.

पावसाच्या आठवणी तुमच्याही ताज्या असतील. २३ जुलै २०२१ला आपल्याच तालुक्यात गांजे, खांडेपार, उसगाव या भागांत नदी घरांत शिरली होती. त्याच्या दोन महिने आधी, मे महिन्यात, तौक्ते वादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले, आमच्याकडे माड आडवे झाले आणि दिवसचे दिवस वीज नव्हती. २०२४च्या पावसाळ्यात वाळपई आणि सांगे इथल्या केंद्रांवर पावसाने २०० इंचांचा टप्पा ओलांडला. २०२५ला मे महिना संपायच्या आतच मोसमी पाऊस दाखल झाला. पावसाळ्यासाठी भरून ठेवायचे सामान, छपराची शाकारणी, गटारांचा उपसा, सगळे राहून गेले, कारण पंचायतीचे मान्सूनपूर्व कामाचे कंत्राट जून धरून चाललेले होते. पाऊस कंत्राटाची मुदत बघत नाही. आणि जाता जाताही त्याने सोडले नाही, ऑक्टोबर संपत आला तरी पडत राहिला आणि कापलेले भात शेतातच कुजले.

दुसऱ्या टोकाची गोष्टही सांगितली पाहिजे. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात आणि आसपासच्या डोंगरांत दिवसेंदिवस वणवे जळत होते. काजूचा मोहोर उन्हाने करपतो हे आता दर दोन-चार वर्षांनी ऐकू येते. आणि ऑगस्ट २०१९ आठवतो? बाहेर पूर, आणि खांडेपारला ओपा जलशुद्धीकरण प्रकल्पाची जलवाहिनी फुटल्याने फोंडा आणि तिसवाडीचे नळ भर पावसात कोरडे. माणसे छपराच्या पागोळ्यांखाली कळश्या लावत होती. आमच्या वाड्यावर त्या आठवड्यात एकच विहीर कामाची होती, कारण बाकीच्या तीन एक तर बुजवल्या होत्या किंवा त्यांत शौचालयाचे पाणी झिरपत होते. जिच्या विहिरीवर सगळा वाडा आला त्या बाईला एरवी आम्ही जुन्या वळणाची म्हणून हसायचो.

पंचायतीत मी एक वाक्य फार शिकलो : ‘ते आमच्या हातात नाही.’ बांध टेनंट असोसिएशनचा (कुळांच्या संस्थेचा), म्हणजे मामलेदाराच्या कक्षेतला. दुरुस्तीचा पैसा कृषी खात्याचा. व्हाळ जलस्रोत खात्याचा. रस्त्याकडेचे गटार सार्वजनिक बांधकाम खात्याचे. जमिनीचा विभाग (झोन) नगरनियोजन खात्याचा. शेवटी पंचाच्या हातात उरतो तो पथदीपाचा दिवा. तुम्हीही निवडून आलात की हे वाक्य पहिल्या महिन्यात शिकाल, म्हणून त्याचा आधीच समाचार घेतो.

एक, ते अर्धेच खरे आहे. गोवा पंचायत राज कायदा १९९४च्या ६६व्या कलमानुसार बांधकामाला पंचायतीचा परवाना लागतो. भराव घालताना, व्हाळ वळवताना, परवान्यात नसलेला मजला चढताना पहिला डोळा पंचाचा असतो, कारण तो रोज त्याच रस्त्याने दूध आणायला जातो. खात्याचा अधिकारी पणजीहून यायला तीन महिने लागतात, तोवर भरावावर गवत उगवलेले असते. किनारपट्टी नियमन विभागाची २०११ची अधिसूचना गोव्याच्या खाजनात विकासकामांना परवानगी देत नाही, हे तर कागदावर स्पष्ट लिहिलेले आहे. तो कागद कोणीतरी बैठकीत टेबलावर ठेवावा लागतो. डिसेंबर २०२५ मध्ये हडफड्याच्या नाइटक्लबला आग लागून २५ जणांचा जीव गेला, त्यानंतर पंचायतीने दिलेल्या परवान्याचे वजन किती असते हे सगळ्या गोव्याने पाहिले. परवाना देणारा हात आपला आहे हे कबूल करा, मग बाकीचे बोलू.

दोन, जे हातात नाही त्याचा पाठपुरावा तरी हातात आहे. मी पंच असताना आमच्या बांधाला भगदाड पडले. टेनंट असोसिएशनची निवडणूकच बरीच वर्षे झालेली नव्हती, पैसे कोणाच्या सहीने उचलायचे यावर घोळ. आम्ही पंचायतीत ‘संबंधितांना कळवावे’ असा ठराव केला, कळवले आणि विसरलो. एका पावसाळ्याचे दोन झाले. खारे पाणी आत आले की जमीन गोडी व्हायला पुढचे दोन-तीन पावसाळे जातात. तोवर कुळांची मुले फोंड्याला दुकानांत, वेर्ण्याला कारखान्यांत कामाला लागली. पडीक खाजनात खारफुटी वाढली. आता तिथे कोयता लावायचा तर वन खाते येते. खारफुटी बांधाबाहेर हवीच, ती लाटा अडवते, बांध राखते. पण ती बांधाच्या आत आली याचा अर्थ आम्ही नांगर टाकून दिला. त्यानंतर दलाल यायला वेळ लागत नाही. ‘पडीकच आहे ना, मग द्या.’

एक गोष्ट कोणी उघड बोलत नाही, म्हणून मीच लिहितो. मानशीची पावणी, म्हणजे तिथे मासे धरण्याच्या हक्काचा लिलाव, होते. जो पावणी घेतो त्याला सुंगटे हवी असतात, म्हणजे खारे पाणी आत यायला हवे असते. शेतकऱ्याला ते नको असते. पूर्वी भौस (खाजनातल्या शेतकऱ्यांची संघटना) होती, गावकरी (गावाची सामाईक जमीन सांभाळणारी संस्था) होती, तेव्हा दार किती दिवस आणि कोणत्या महिन्यात उघडे ठेवायचे याचे नियम होते, नियम मोडणाऱ्याला दंड होता. कुळकायदा आला, कुळे मालक झाली, ते योग्यच झाले. पण बांधाची राखण करणारी जुनी व्यवस्था गेली आणि तिच्या जागी आलेली संस्था बऱ्याच गावांत कागदावर राहिली. रात्री कोणीतरी दाराला खुंटी मारून ते उघडे ठेवतो. कोण, हे गावाला माहीत असते. निवडणुकीच्या वर्षात तर नक्कीच कोणी त्याला बोलत नाही, कारण त्याच्या घरात आठ मते असतात. तुमच्यातला कोण त्याच्या दारात जाऊन बोलणार आहे? मला हजार झाडांपेक्षा या एका प्रश्नाचे उत्तर ऐकायला आवडेल.

जमिनीच्या विभागबदलाबद्दल फार लिहीत नाही, त्यावर गोव्यात पुष्कळ बोलले गेले आहे. गोवा फाउंडेशन, खाजन सोसायटी ऑफ गोवा आणि गोवा बचाव अभियान यांच्या याचिकांवर उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च २०२५ मध्ये जमिनीचा विभाग बदलू देणारे, नगरनियोजन कायद्याच्या १७(२) कलमाखालचे नियम रद्द केले. विभागबदलाच्याच ३९अ कलमाचा वाद मात्र उरलाच. तुमच्या प्रभागातल्या कोणत्या सर्व्हे नंबरसाठी अर्ज झाला आहे ते तुम्ही स्वतः शोधा आणि ग्रामसभेत वाचून दाखवा. एवढे केलेत तरी पाच वर्षांचा पगार वसूल.

ग्रामसभेबद्दल तुम्हाला भीती वाटते, हे मला माहीत आहे. मलाही वाटायची. आम्ही ग्रामसभा अशा रविवारी ठेवायचो की लोक लग्नाला गेलेले असावेत. कोरम नाही म्हणून अर्धा तास तहकूब, मग जे बसले असतील त्यांच्यासमोर इतिवृत्त मंजूर. हे करू नका. ग्रामपंचायत विकास आराखडा बनवताना सरकारचेच जे नऊ विषय दिलेले आहेत त्यांत ‘जलसमृद्ध गाव’ आणि ‘स्वच्छ व हरित गाव’ हे दोन आहेत. म्हणजे खर्चाचे शीर्षक तयार आहे, त्याखाली काय लिहायचे ते गावाने ठरवायचे. आमच्याकडे त्याखाली दरवर्षी काय येते? फुलझाडांच्या कुंड्या. पंचायतीच्या आवारात ठेवलेल्या, मार्चमध्ये वाळलेल्या.

माझे म्हणणे, त्या पैशातून पहिल्या वर्षी फक्त गावाच्या पाण्याचा नकाशा करा. बाहेरून सल्लागार आणून चकचकीत पुस्तक नको. डोंगरावरून कोणते व्हाळ येतात, कुठे बुजले, कुठे नळात घातले, कोणत्या विहिरी जिवंत आहेत, मानशी किती आणि कोणती दारे कुजली, पुरात कोणत्या घरात किती पाणी येते. हे सगळे वाड्यावाड्यावरच्या माणसांना तोंडपाठ आहे. माझ्या बहिणीच्या भिंतीवर दरवर्षीच्या पुराच्या रेघा आहेत, रंग दिला तरी ती त्या पुन्हा मारून ठेवते. शाळेतली मुले एका सुट्टीत हा नकाशा करतील. तो पंचायतीच्या भिंतीवर लावा, आणि पुढे बांधकामाचा कोणताही अर्ज आला की त्या नकाशावर बोट ठेवून मगच हात वर करा.

जैवविविधता समितीचेही तसेच. २००२च्या कायद्याने प्रत्येक पंचायतीत ती असायला हवी, लोकांची जैवविविधता नोंदवही असायला हवी. बऱ्याच ठिकाणी ती कोणीतरी एका बैठकीत भरून टाकलेली असते, शेजारच्या गावची नावे तशीच उतरवून. त्यापेक्षा चवथीच्या आठ दिवस आधी माटोळीचे (गणपतीच्या वर टांगायच्या रानफळांच्या चौकटीचे) सामान गोळा करणाऱ्या बायकांबरोबर डोंगरावर जा. कोणते फळ कुठे मिळायचे, कधीपासून मिळत नाही, कोणत्या झाडाला यंदा वेळेआधी फळ आले, हे त्या चालता चालता सांगतात. आमच्याकडची एक आजी म्हणते, माटोळी आता बाजारातून बांधतात, ती देवाला ओळखू तरी येते की नाही कोण जाणे.

सौरऊर्जा, कचरा वर्गीकरण, प्लास्टिकबंदी हे सगळे पत्रकात असू द्या. चांगलेच आहे. त्यावर वाद नाही, म्हणून त्यावर वेळ घालवत नाही.

शेवटी एक विनंती. गोव्यात पंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही. त्यामुळे वरून आलेले भाषण वाचायची सक्ती तुमच्यावर नाही. तेवढे एक स्वातंत्र्य तुम्हाला आमदार-खासदारांपेक्षा जास्त आहे. ते वापरा. प्रचाराला घरोघरी याल तेव्हा माझ्या घरी चहा मिळेलच. पण त्याआधी एका अमावास्येला किंवा पौर्णिमेला, भरतीच्या वेळी, आमच्या बांधावर या. मी तिथे असेन. भगदाड कुठे होते ते दाखवतो, राखणदाराला, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाला, रोट कुठे ठेवतात तेही. पाणी चढत चढत दार कसे मिटते ते बघायला साधारण तास लागतो, तेवढा वेळ मोबाइल खिशात ठेवावा लागेल. वाट चिखलाची आहे, चपला माझ्या बहिणीच्या सोप्यावर काढून ठेवा. रेघा तिथेच आहेत.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक माजी पंच
फोंडा तालुका, गोवा